श्रद्धांजलीचा फलक छापायला टाकण्याआधी : ठाण्यातल्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ठाण्यातील सांस्कृतिक मंडळं, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे आणि गृहसंकुलांच्या सांस्कृतिक समित्या यांचे पदाधिकारी व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

१५ डिसेंबर २०२४चा रविवार. त्या रात्री उस्ताद झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, मग ती खरी नसल्याचे निरोप आले आणि सोमवारी सकाळी कुटुंबीयांनी दुजोरा दिला. सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले होते. पुढचे दोन-तीन दिवस आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच चेहरा होता. त्याच रविवारी रात्री इथे ठाण्यात पं. संजय मराठे गेले. हृदयविकाराचा झटका, वय ६८. संवादिनीवादक, गायक आणि संगीतभूषण पं. राम मराठे यांचे थोरले चिरंजीव. रामभाऊंच्या जन्माला शंभर वर्षं त्याच ऑक्टोबरात पूर्ण झाली होती.

मी ठाण्यात निवेदनाची कामं करते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी ना कधी बोलावलं आहे, पाकीटही वेळेवर दिलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्या आठवड्यात मला जे फोन आले ते सगळे झाकीरभाईंच्या आदरांजलीचे होते. ते कार्यक्रम व्हायलाच हवे होते. माहीमला जन्मलेल्या, वडिलांनी कानात तबल्याचे बोल सांगून ज्याचं जगात स्वागत केलं अशा त्या माणसावर आपला हक्क आहेच. पण ज्यांचं घर आपल्याच गावात, ज्यांच्या घराण्याचं गाणं याच गावात वाढलं, त्यांच्यासाठीही तसाच एक फोन आला असता तर मला हे पत्र लिहावंसं वाटलं नसतं.

रामभाऊ मराठ्यांच्या नावानं आपली महापालिका दरवर्षी संगीत समारोह करते, ते नाव सगळ्यांना माहीत आहे. पण 'प्रभात'च्या 'गोपालकृष्ण'मध्ये (१९३८) कृष्ण झालेला मुलगा म्हणजे हेच रामभाऊ, हे किती जणांना ठाऊक आहे? गुणिदास जगन्नाथबुवा पुरोहितांकडे ते शिकले. त्याच बुवांकडे आणि पुढे तबल्याचे उस्ताद अहमदजान थिरकवाँसाहेबांकडे शिकलेले पं. भाई गायतोंडेही ठाण्याचेच, तबल्यातलं मोठं नाव. ते २०१९मध्ये गेले. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक गाणारा आणि एक वाजवणारा, एकाच गावात राहून गेले. हे एवढं सांगायलाही आपल्या कार्यक्रमांत कुणाला वेळ नसतो, कारण स्वागतं चाललेली असतात.

आता कार्यक्रमांविषयी. राग मानू नका, तुम्हालाही हे सगळं माहीत आहे. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो, तो ताणून फ्लेक्सवर. त्याच्या खाली कलावंताच्या चेहऱ्याहून मोठे चार-पाच चेहरे, आयोजकांचे. दीपप्रज्वलन. दोन मिनिटं शांतता, जी कधीच दोन मिनिटं नसते, कारण अध्यक्षांना पुढे जायचं असतं. मग लग्नातल्या आहेराच्या यादीसारखी नावं वाचायची. मला स्टेजवर चिठ्ठी येते, 'साहेब आले, स्वागत घ्या.' मग भाषणं. वक्ते सहसा स्वतःविषयी बोलतात : मी त्यांना विमानतळावर पाहिलं होतं, मी त्यांच्याबरोबर फोटो काढला होता, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. शेवटी 'त्यांची अजरामर गीतं', ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर. झाकीरभाईंच्या एका कार्यक्रमात तर व्यासपीठावर तबलाच नव्हता. पडद्यावर चहाची त्यांची ती जुनी जाहिरात दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतलेल्या माणसाला आम्ही चहाच्या कपावर निरोप दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे : गेलेल्या कलावंताचं काम लोकांपुढे ठेवा. त्याच्याविषयी बोलणं कमी करा आणि लोकांना त्याला ऐकू द्या, पाहू द्या. आणि जो आपल्या गावात राहिला, आपल्या गावात गेला, त्याच्यापासून सुरुवात करा.

२०२५चा ऑगस्ट घ्या. पंधरा तारखेला नूतनीकरण झालेलं गडकरी रंगायतन उघडलं, तलावपाळीवर किती दिवसांनी नाटकाची गर्दी दिसली. आणि त्याच पंधरवड्यात एकामागून एक माणसं गेली. सोळाला पुण्यात अभिनेत्री ज्योती चांदेकर. अठराला ठाण्यात अभिनेते अच्युत पोतदार. अठ्ठावीसला बाळ कर्वे, आपले 'चिमणराव'मधले गुंड्याभाऊ. एकतीसला, ऐन गणपतीत, अभिनेत्री प्रिया मराठे, अवघी ३८ वर्षांची आणि ठाण्यात वाढलेली.

पोतदारांचंच बघा. ठाण्यातल्या रुग्णालयात गेले, अंत्यसंस्कार ठाण्यात झाले. आमच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी काय फिरलं? 'थ्री इडियट्स'मधल्या प्राध्यापकाचं ते एक वाक्य. त्याचे मीम, त्याखाली हात जोडलेले. ते वाक्य त्यांनी झकास म्हटलं आहे, वाद नाही. पण हा माणूस जबलपूरला जन्मला, रीवाला प्राध्यापक होता, मग सैन्यात गेला, कॅप्टन म्हणून १९६७मध्ये बाहेर पडला, पुढे पंचवीस वर्षं इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, आणि कॅमेऱ्यापुढे उभा राहिला तेव्हा वय ४४. त्या वयात आपण कर्ज किती फिटलं याचा हिशेब करत असतो. सव्वाशेवर चित्रपट केले. गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये आहेत, 'अर्धसत्य'मध्ये आहेत, 'तेजाब', 'परिंदा'मध्ये आहेत, आणि म्हातारपणी 'माझा होशील ना' या मालिकेतले आप्पा म्हणून घराघरांत गेले. वर्षानुवर्षं ऑफिस सांभाळून त्यांनी हे केलं. बाळ कर्वेही मुंबई महापालिकेची नोकरी करून नाटक करणारे. ही सगळी पिढीच तशी होती : दिवसभर फायली, संध्याकाळी तालीम, आणि प्रयोग रात्री उशिरा संपला तर शेवटची लोकल. ठाण्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. या गावातल्या निम्म्या हौशी संस्था अशाच चालल्या.

मग पोतदारांसाठी काय करता आलं असतं? एक दुपार. त्यांच्या कामाचे दहा-बारा तुकडे काढायचे, हीरोच्या मागे उभे असलेले, दोन-दोन मिनिटांचे. त्यांच्याकडे बघायचं असं आधी सांगायचं आणि मग दाखवायचं. प्रेक्षकाला आपोआप कळतं की छोटी भूमिका करणारा नट नेमकं काय करतो, कुठे थांबतो, समोरच्याला वाक्य कसं देतो. इंडियन ऑइलमधले त्यांचे जुने सहकारी शोधले असते तर ठाण्यातच कुणीतरी भेटलं असतं, आणि त्यांच्यापैकी एकजण कुठल्याही पुढाऱ्यापेक्षा बरं बोलला असता.

ज्येष्ठ नट जयंत सावरकर, सगळ्यांचे अण्णा, २४ जुलै २०२३ला गेले, तेही ठाण्यातल्याच रुग्णालयात, वय ८७. अण्णा मूळ गुहागरचे. उस्मानाबादला २०१७मध्ये झालेल्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण माझ्या लेखी त्यांची ओळख म्हणजे 'एकच प्याला' नाटकातला दारुडा तळीराम. आणि तळीराम लिहिला कुणी? ज्यांचं नाव आपल्या नाट्यगृहावर आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी. गडकऱ्यांचा तळीराम रंगवणारा नट गडकऱ्यांच्या नावाच्या नाट्यगृहापासून रिक्षाच्या अंतरावर जातो, आणि गावातली हौशी मुलं घेऊन तळीरामाच्या दारुड्या टोळीचा, आर्यमदिरामंडळाचा प्रवेश बसवावा असं कुणाच्या मनात येत नाही! गडकरी १९१९मध्येच गेले, म्हणजे प्रयोगाच्या हक्कांचीही अडचण नाही. आठ मुलं, चार खुर्च्या, दोन बाटल्या, वीस मिनिटांचा प्रवेश. मध्ये कुणीतरी सांगायचं की अण्णा हे वाक्य कसं घेत असत. त्या मुलांना अण्णा आयुष्यभर लक्षात राहिले असते. फ्लेक्स तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी टपरीवर ताडपत्री म्हणून जातो.

गाण्याच्या कार्यक्रमांत याहून जास्त गोंधळ आहे, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं बरंचसं आयुष्य वादकांच्या शेजारी उभं राहून गेलं आहे.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ला गेल्या. तेव्हापासून ठाण्यात त्यांच्या नावानं किती कार्यक्रम झाले याची मोजदाद नको, पण गाणी तीच. वीस-पंचवीस गाण्यांची एक यादी आहे, ती या गटाकडून त्या गटाकडे जाते, क्रमसुद्धा बदलत नाही. दीदींनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'ऐरणीच्या देवा तुला' सगळ्यांना पाठ, पण ही चाल लावणारी बाई कोण, हा प्रश्न सभागृहात विचारून बघा. फक्त आनंदघनांच्या चालींचा दीड तासाचा कार्यक्रम करा, मी निवेदन आनंदानं लिहीन. गायिकेला त्यात दीदींची नक्कल करावी लागणार नाही, चालीवर बोलता येईल, आणि ऐकणारा घरी जाताना काहीतरी नवीन घेऊन जाईल.

सुलोचनाबाई चव्हाण १० डिसेंबर २०२२ला गेल्या. पद्मश्री मिळाली तीही त्याच वर्षी, नव्वदीला टेकल्यावर. गिरगावातल्या फणसवाडीत वाढलेली ही बाई डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी म्हणायची आणि सगळा नखरा गळ्यातून यायचा. त्यांच्या आदरांजलीच्या एका कार्यक्रमात मी निवेदनाला होते. ढोलकी ट्रॅकमध्ये होती! लावणीत गाणाऱ्या बाईचा आणि ढोलकीवाल्याचा सवालजवाब चालतो. ती लांबवते तेव्हा तो वाट बघतो, तो तोडा घेतो तेव्हा ती हसते. ट्रॅक कुणाची वाट बघत नाही. त्या दिवशीची गायिका गुणी होती, पण दुसऱ्या कडव्यात तिला जागा घ्यायची होती, म्हणजे सुरावर जरा रेंगाळून खेळायचं होतं, आणि ट्रॅक पुढे निघून गेला, म्हणून तिनं ती सोडली. मला दिसलं. प्रेक्षकांना नसेल दिसलं.

तुम्ही म्हणाल, वादक परवडत नाहीत. मंडप, फ्लेक्स, शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांचं अल्पोपाहाराचं बिल, हे सगळं परवडतं. शाली निम्म्या करा, तबला आणि पेटी येते. आणखी दोन स्मृतिचिन्हं कमी करा, बासरी येते. गेल्या काही वर्षांत ठाण्या-कळव्यातल्या किती वादकांनी कार्यक्रम सोडून दुसरी कामं धरली, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. गेलेल्या गायकाचा सन्मान करताना जिवंत वादकाला घरी बसवायचं, ही रीत मला पटत नाही. संजयदादा मराठ्यांसारख्या संवादिनीवाल्याची आठवण तर पेटीवर बोटं ठेवल्याशिवाय काढताच येणार नाही.

शास्त्रीय संगीताच्या बाबतीत तर गाण्याचा कार्यक्रमही करू नका, फक्त ऐका. जानेवारी २०२४मध्ये नऊ तारखेला उस्ताद राशीद खान गेले, अवघे ५५ वर्षांचे, आणि तेराला डॉ. प्रभा अत्रे, ९१ वर्षांच्या. चार दिवसांचं अंतर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोघांचा एकच फलक झाला. एक रामपूर-सहसवान घराण्याचा, एक किराणा घराण्याची. एक सुराबरोबर वाहत जाणारा, एक प्रत्येक स्वर विचार करून ठेवणारी, कायद्याची पदवी आणि संगीतातली डॉक्टरेट घेतलेली, स्वतःच्या बंदिशी बांधणारी. हा फरक भाषणातून कुणाला कधी कळणार? घंटाळीच्या सहयोग मंदिरासारखा मध्यम आकाराचा हॉल घ्या. बरे स्पीकर आणा, मोठे नकोत, बरे. प्रभाताईंचा राग मारू बिहाग लावा, 'जागू मैं सारी रैना', मग कलावती. मग राशीदभाईंचा एखादा ख्याल पूर्ण. निवेदन दोन वाक्यांचं. मध्ये कुणी उठून पाण्याच्या बाटल्या वाटायच्या नाहीत. माझा अंदाज आहे, पन्नास माणसं येतील आणि तुम्हाला वाटेल कार्यक्रम पडला. पडू द्या. ती पन्नास माणसं पुढच्या वेळी न बोलावता येतील.

बातमीची घाई हा आणखी एक प्रकार. नोव्हेंबर २०२५मध्ये धर्मेंद्र गेल्याची खोटी बातमी अकरा तारखेला पसरली, घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की ते आहेत, उपचार चालू आहेत. ते गेले चोवीसला, नव्वदावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना. अकराला दुपारीच आपल्या शहरातल्या एका संकुलाच्या गटावर फलकाचा मजकूर तपासायला आला होता, मलाच. आणि असरानी? ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला गेले, घरच्यांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे आधी अंत्यसंस्कार केले आणि मग सांगितलं. आयुष्यभर लोकांना हसवणाऱ्या माणसाला शेवटचा एक दिवस गर्दीशिवाय हवा होता. कुटुंबाचं अधिकृत निवेदन येईपर्यंत आपल्यापैकी कुणीही काहीही पुढे पाठवायचं नाही, एवढा साधा नियम मंडळांनी आपल्या गटावर लावावा.

प्रिया मराठेविषयी थोडं. तिच्या सभेसाठी मला एका संकुलातून फोन आला आणि पहिला प्रश्न होता, 'मॅडम, तिचा आजार नक्की कुठल्या टप्प्यावर होता, ते निवेदनात घेता येईल का?' नाही येणार. तिच्या आजारपणाशी आपला संबंध नाही, कामाशी आहे. 'पवित्र रिश्ता'मधली तिची वर्षा किंवा 'तू तिथे मी'मधली तिची खलनायिका आठवा. लोक चिडायचे तिच्यावर, म्हणजे काम चोख होतं. दैनंदिन मालिकेत सकाळी हातात आलेलं पान दुपारी खरं वाटेल असं बोलायचं, वर्षभर, रोज बारा-बारा तास, ही मेहनत आपण कधी मोजतच नाही, कारण मालिका म्हटलं की नाक मुरडायचं असं ठरलेलं आहे. घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत. तिथे काम करणारे रंगभूषाकार, वेशभूषेच्या मुली, लाइटवाले, स्पॉटदादा आपल्याच आसपास राहतात. अशा कार्यक्रमात त्यांना बोलवा. नटीला रोज पहाटे आरशापुढे पाहणाऱ्या माणसाला तिच्याविषयी जे ठाऊक असतं ते मुलाखतींत येत नाही. तो स्टेजवर घाबरेल, 'मॅडम, मला बोलता येत नाही' म्हणेल. माझ्यावर सोडा, मी प्रश्न विचारीन.

आणि माणूस असताना काय करायचं, हेही एकदा बोलून घेऊ. ठाण्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर गणेशोत्सवातल्या मैफलींच्या, खासगी बैठकींच्या, संगीत नाटकांच्या प्रयोगांच्या कॅसेट असणार. फितीला बुरशी लागते, ती चिकटते, मग डेकमध्ये घातली की तुटते. घर पुनर्विकासाला गेलं की पहिल्या टेम्पोत हा माल भंगारात जातो. नौपाड्यात तर आता दर गल्लीत एक इमारत पडते आहे. मंडळांनी आपापल्या भागात विचारणा करावी, कॅसेट गोळा कराव्यात, एकदा व्यवस्थित उतरवून घ्याव्यात, कुणाचं गाणं, कुणाची साथ, कुठलं वर्ष, हे लिहून ठेवावं. यादी आणि प्रती ठेवायला आपल्याकडे १८९३पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्यांच्याशी बोलून बघावं. आणि संगीत नाटकात ऑर्गन वाजवलेली, प्रॉम्प्टिंग केलेली, पडदा ओढलेली माणसं अजून आहेत, त्यांना मोबाइलसमोर बसवून बोलतं करावं. ऐंशीच्या पुढच्यांना आधी. यासाठी कुणाच्या उद्घाटनाची गरज नाही.

तर माझा प्रस्ताव असा. वर्षातून एक कार्यक्रम सगळ्या मंडळांनी मिळून करावा, त्या वर्षात गेलेल्या कलावंतांसाठी. ठाण्याची माणसं आधी, बाकीचे नंतर. फलकावर आयोजकांचे फोटो नकोत. भाषण एकच, पाच मिनिटांचं, ज्यानं त्या माणसाबरोबर काम केलं आहे त्याचं. वादक समोर बसलेले, आणि त्यांचं मानधन कार्यक्रमाच्या आधी दिलेलं. एवढं मान्य असेल तर निवेदनाचं मी काही घेणार नाही, संहिताही मीच लिहीन. पहिला कार्यक्रम संजयदादांपासून सुरू व्हावा, असं मला वाटतं. त्यांच्या घरच्यांना आणि शिष्यांना आधी विचारू, त्यांनी होकार दिला तरच.

डिसेंबरातल्या तारखा हॉलवाले दिवाळीच्या आधीच देऊन टाकतात, त्यामुळे बैठक लवकर घ्यायला हवी. रविवार सोडून कधीही कळवा. रविवारी सकाळी माझे वर्ग असतात.

आपली,
एक निवेदिका
नौपाडा, ठाणे